कल्याणची संविद् आणि मांजरेचे पाणी

एका शहरात जमलेल्या माणसांनी जे ठरवले, ते त्या शहराच्या वेशीबाहेर शेकडो गावांत राहणाऱ्या आणि त्या बैठकीला हजर नसलेल्या माणसांवर बंधनकारक का मानावे, हा प्रश्न वरवर पाहता राज्यशास्त्राचा वाटतो. परंतु कोणत्या अधिकाराने एक माणूस दुसऱ्याचे कर्तव्य ठरवू शकतो, हा धर्मविचारातला मूळ प्रश्नच त्याच्या तळाशी आहे. बिदर आणि कलबुर्गी या आज कर्नाटकात असलेल्या सीमावर्ती जिल्ह्यांत तो फार पूर्वीपासून विचारला गेला आहे, कारण इतक्या थोड्या भूमीवर इतक्या राजधान्या दख्खनमध्ये अन्यत्र क्वचितच नांदल्या. मान्यखेट म्हणजे आजचे मळखेड ही राष्ट्रकूटांची राजधानी, कल्याण म्हणजे आजचे बसवकल्याण ही उत्तरकालीन चालुक्यांची आणि त्यांच्यामागून कलचुरींची, तर गुलबर्गा म्हणजे आजचे कलबुर्गी आणि बिदर या बहमनी सुलतानांच्या. आणि या चारही राजधान्या एकमेकींपासून दोन-चार मजलांच्या अंतरावर आहेत.

राजधानी हलली की राजवाडा, टांकसाळ आणि फौज तिच्याबरोबर हलते. पेठ, कारागिरांचे मोहल्ले, मठ आणि दर्गे मात्र जागच्या जागी राहतात, आणि पुढच्या राजवटीला त्यांच्याशीच जुळवून घ्यावे लागते. म्हणून या भागात नगर म्हणजे केवळ राजाचे ठाणे, असे कधी झाले नाही. राजाची आज्ञा नगरामार्फत प्रदेशात कशी उतरते याचा इथला सर्वांत जुना पुरावा भीमेकाठच्या सन्नतीला मिळतो. तिथल्या चंद्रलांबा देवीच्या परिसरात सापडलेल्या शिळेवर अशोकाचा बारावा लेख आहे, ज्यात सर्व पंथांनी एकमेकांचे ऐकून घ्यावे आणि स्वतःच्या पंथाची थोरवी सांगताना वाणीवर ताबा ठेवावा असा उपदेश आहे. त्याबरोबरच तिथे ते दोन ‘स्वतंत्र लेख’ही आहेत, ज्यांपैकी पहिला कलिंगात धौलीला नगरातल्या न्यायाधिकाऱ्यांना उद्देशून कोरलेला आहे आणि ज्यात कोणालाही विनाकारण बंदिवास घडू नये अशी ताकीद आहे. उपदेश उदात्त आहे यात शंका नाही. पण त्यात बोलणारा एकच आहे, आणि बाकी सर्वांच्या वाट्याला ऐकणे आले आहे.

सन्नतीहून कल्याणला येईपर्यंत सुमारे तेरा शतके जातात आणि प्रश्नाची मांडणीच बदलते. सहाव्या विक्रमादित्याच्या राजवटीत (१०७६ ते ११२६) विज्ञानेश्वराने कल्याण नगरात ‘मिताक्षरा’ ही याज्ञवल्क्यस्मृतीवरची टीका लिहिली, जी पुढे बंगाल-आसामकडचा भाग वगळता बहुतेक भारतात हिंदू वारसाकायद्याचा आधार ठरली. वारसा आणि वाटणी यांच्या चर्चेत हा ग्रंथ इतका अडकून पडला, की त्यातला नागरिकांच्या अधिकाराचा विचार जवळजवळ दुर्लक्षित राहिला. ग्रंथाच्या शेवटी विज्ञानेश्वराने कल्याणसारखे नगर पृथ्वीवर झाले नाही, नाही आणि होणार नाही, असे अभिमानाने म्हटले आहे. तो अभिमान केवळ राजाच्या वैभवाचा नसावा, असे त्यातला व्यवहाराध्याय, म्हणजे न्यायव्यवहाराचा भाग, वाचताना वाटत राहते.

न्यायनिवाडा करणाऱ्या संस्थांचा क्रम स्मृतीने दिला आहे आणि विज्ञानेश्वर तो उलगडून सांगतो. सर्वांत खाली ‘कुल’, म्हणजे नातेसंबंधाने बांधलेल्यांचा समूह. त्यावर ‘श्रेणी’, म्हणजे एकाच धंद्यावर पोट भरणाऱ्यांचा संघ, ज्याची उदाहरणे म्हणून तो घोड्यांचे व्यापारी, तांबोळी, विणकर आणि चांभार यांची नावे घेतो. त्याहून वर ‘पूग’, म्हणजे जात वेगळी, धंदा वेगळा, पण राहण्याचे गाव किंवा नगर एक, अशा लोकांचा समूह. आणि सर्वांत वर राजाने नेमलेली सभा. कुलाच्या निवाड्यावर श्रेणीकडे आणि श्रेणीच्या निवाड्यावर पूगाकडे दाद मागता येते, उलट दिशेने नाही. या उतरंडीतला पूग विशेष लक्ष देण्याजोगा आहे. रक्ताचे नाते किंवा धंद्याचे हित जिथे संपते तिथे केवळ शेजार उरतो, आणि त्या शेजारालाच न्याय करण्याची पात्रता दिली गेली आहे. इतकेच नव्हे, तर ती रक्ताच्या आणि धंद्याच्या वरची मानली आहे. नागरिकत्वाची याहून नेमकी व्याख्या त्या काळच्या ग्रंथांत शोधावी लागेल.

याच अध्यायात ‘संविद्’ म्हणजे परस्पर कबुलीने केलेला ठराव मोडणाऱ्यांविषयीचे प्रकरण आहे. स्वतःच्या धर्माला बाध न आणता समूहाने जे ठरवले, तो ‘सामयिक’ धर्म, आणि तो प्रत्येकाने यत्नपूर्वक पाळला पाहिजे, असे तिथे सांगितले आहे. विज्ञानेश्वर त्याची उदाहरणे देतो ती यज्ञयागाची नाहीत: गुरे चारण्याची व्यवस्था, पाण्याचे रक्षण, देवळाची देखभाल. राजाने घालून दिलेल्या नियमांची उदाहरणेही तितकीच व्यवहारातली आहेत: वाटसरूंना जेवण द्यावे, शत्रूच्या मुलखात घोडे पाठवू नयेत. समूहाचे द्रव्य गिळंकृत करणाऱ्याला आणि ठराव मोडणाऱ्याला हद्दपार करावे, समूहाच्या हिताचे बोलणाऱ्यांचे सर्वांनी ऐकावे, आणि समूहाची कामे पाहणारे धर्म जाणणारे, शुद्ध वर्तनाचे व निर्लोभी असावेत, अशी त्याची चौकट आहे. हेच नियम वेदप्रामाण्य न मानणाऱ्या दिगंबर जैन आणि बौद्ध अशा समूहांनाही लागू आहेत, आणि त्यांचे वेगळेपण व पूर्वापार वहिवाट राजाने राखावी, असेही तिथे सांगितले आहे. वेद न मानणाऱ्याची कबुली वेद मानणाऱ्या राजाने राखावी, याचा अर्थ असा होतो की ठरावाची पवित्रता ठरवणाऱ्याच्या पंथावर अवलंबून नाही; ती शब्द दिल्याने येते. अर्थात या मांडणीला मर्यादा आहेत. प्रकरणाची सुरुवातच राजाने नगरात विद्वान ब्राह्मण वसवावेत इथून होते, वर्णव्यवस्था जशीच्या तशी राहते, आणि चांभारांच्या श्रेणीला आपापसातले तंटे मिटवण्याचा हक्क असला तरी धर्म म्हणजे काय हे सांगण्याचा हक्क नाही.

तो हक्क त्याच नगरात, पुढच्या काही दशकांत, मागितला गेला. कलचुरी बिज्जळ हा मंगळवेढ्याचा मांडलिक. त्याने बाराव्या शतकाच्या मध्यास चालुक्यांचे सिंहासन बळकावले, आणि त्याच्या खजिन्याचा कारभार पाहणाऱ्या बसवेश्वरांभोवती शरणांचा, म्हणजे शिवभक्तांचा, जो मेळा कल्याणला जमला, त्याच्या चर्चासभेला परंपरा अनुभवमंटप म्हणते. तिथल्या शून्यपीठावर अल्लमप्रभू होते. धोबी माचय्या, नावाडी चौडय्या, चांभार हरळय्या, कातडी कमावणारा कक्कय्या, दोर वळणारा चंदय्या हे तिथे बोलत होते. अक्कमहादेवींसह तीसएक स्त्रियांची वचने आजही उपलब्ध आहेत. या सभेतले संवाद आज ज्या ‘शून्यसंपादने’ या ग्रंथातून वाचायला मिळतात त्याचे संकलन पंधराव्या शतकातले आहे, हे ध्यानात ठेवूनही एक गोष्ट निर्विवाद राहते, की वचने रचणाऱ्यांची नावे त्यांच्या धंद्यांसकट टिकली आहेत. अनुभवमंटपाला जगातली पहिली संसद म्हणण्याची प्रथा पडली आहे. ते वर्णन आदरापोटी केलेले असले तरी त्याने त्या सभेचे खरे वेगळेपण झाकले जाते. संसद कायदे करते आणि कर बसवते. मंटपाकडे यांपैकी काहीच नव्हते. तिथे ठरत होते ते हे, की जो कष्टाने जगतो त्याच्या अनुभवाला धर्माच्या प्रश्नावर साक्ष देण्याचे सामर्थ्य आहे.

या विचाराच्या दोन खुणा प्रसिद्ध आहेत: ‘कायक’, म्हणजे प्रामाणिक श्रम हीच उपासना, आणि ‘दासोह’, म्हणजे त्या श्रमातून आलेले समाजाच्या पायाशी नम्रपणे ठेवणे. आयदक्की मारय्या हा सांडलेले तांदूळ वेचून त्यावर गुजराण करी. एकदा त्याने नेहमीपेक्षा जास्त तांदूळ घरी आणले, तेव्हा त्याची पत्नी लक्कम्मा हिने गरजेपुरते ठेवून बाकीचे जिथून आणले तिथे परत टाकून यायला सांगितले. या कथेत संन्यासाचे कौतुक नाही. राज्याचा खजिना ज्या शहरात होता, त्या शहरातली तांदूळ वेचणारी बाई आपल्या हक्काची सीमा स्वतः आखते आहे; आणि खजिनदार बसवेश्वर ज्या सभेत बसतात त्याच सभेत तिचे वचन ऐकले जाते आहे. लक्कम्माच्या त्या हिशेबापुढे राज्याचा हिशेब तपासला जाऊ शकतो, ही शक्यता कल्याणने निर्माण केली.

ही सभा केवळ कल्याणकरांची नव्हती, हा मुद्दा इथे सर्वांत महत्त्वाचा आहे. सोन्नलिगे म्हणजे आजचे सोलापूर, तिथे तलाव खोदून घेण्याच्या लोककार्यात गढलेले सिद्धरामेश्वर कल्याणला आले, आणि बाहेरच्या कामाला आतल्या अनुभवाची जोड नसेल तर ते काम काय साधते, या प्रश्नाला सामोरे गेले. म्हणजे प्रदेश आपली कामे आणि आपल्या शंका घेऊन नगरात येत होता आणि नगर त्याला उत्तर देण्यास बांधील होते. सुरुवातीच्या प्रश्नाचे पहिले उत्तर इथे सापडते: नगराचा ठराव प्रदेशाला बांधतो तो नगर मोठे आहे म्हणून नाही, तर प्रदेश त्या ठरावात सदेह हजर होता म्हणून. हरळय्याच्या मुलाचा मधुवरस या ब्राह्मणाच्या मुलीशी झालेला विवाह, त्याबद्दल दोन्ही व्याह्यांना झालेला देहदंड, बिज्जळाचा वध आणि शरणांची पांगापांग हा पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. राजसत्तेने सभा मोडली. पण पांगलेली माणसे प्रदेशभर गेली, आणि पुढील शतकांत मराठवाड्यातल्या कपिलधारेच्या मन्मथस्वामींनी तोच वारसा मराठीत ग्रंथबद्ध केला.

बहमनी काळात विचाराचा स्रोत बदलतो. १३४७ मध्ये स्थापन झालेली आणि पंधराव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात गुलबर्ग्याहून बिदरला हललेली ही सत्ता फारसी नीतिग्रंथांच्या जगाशी जोडलेली होती. त्या जगात नासिरुद्दीन तुसीच्या तेराव्या शतकातल्या ग्रंथाने नीतीचे तीन भाग केले होते: माणसाचे स्वतःचे वर्तन, घराचा कारभार आणि नगरांचा कारभार. लेखणीचे लोक, तलवारीचे लोक, व्यापार-उदिमाचे लोक आणि शेतीचे लोक हे चार वर्ग आपापल्या जागी संतुलित ठेवणे म्हणजे न्याय, आणि ते संतुलन राखणारा राजा. गिलानहून आलेला वजीर महमूद गवान या विद्यापरंपरेतला. त्याने १४७२ मध्ये बिदरला तीन मजली मदरसा उभारला, चार तरफांचे, म्हणजे प्रांतांचे, आठ तरफ केले, तरफदारांच्या हातातले किल्ले काढून घेतले, जमिनीची मोजणी हाती घेतली. एवढ्या योग्यतेचा कारभारी १४८१ मध्ये एका बनावट पत्रावरून सुलतानाच्या हुकमाने मारला गेला. दख्खनी आणि परदेशी सरदारांच्या वैराला इतिहासकार दोष देतात, ते बरोबरच आहे. पण त्याहून खोलवरची उणीव अशी, की या राजधानीत विद्वानांसाठी मदरसा होता, मात्र वजिराचा न्याय लोकांसमक्ष व्हावा अशी सभा नव्हती. सुधारणा एका माणसाच्या विश्वासावर उभ्या होत्या आणि त्याच्याबरोबरच ढासळल्या.

सभा नव्हती ती दरबारात. मुलखात ती होती. दख्खनच्या गावांत आणि पेठांत तंट्याचा निवाडा करायला सरकारी अंमलदार आणि वतनदार एकत्र बसत, त्या बैठकीला मजालस किंवा गोतसभा म्हणत, आणि तिच्या निवाड्याचा जो कागद होई तो महजर. या महजरांवर पाटील नांगराची निशाणी करी, पेठेचा शेट्या तागडीची, न्हावी आरशाची. ज्यांना अक्षर येत नव्हते त्यांचे अवजार त्यांची सही होत असे. मिताक्षरेतला पूग या निशाण्यांमध्ये डोळ्यांना दिसतो, आणि ज्याच्या श्रमावर गाव चालते त्याच्या मान्यतेशिवाय निवाडा पुरा होत नाही, हे तत्त्वही.

राजधानीचा खजिना आणि प्रदेशाची भूक यांतला झगडा मराठी मनाने दामाजीपंतांच्या कथेत साठवला आहे. बिदरच्या पातशहाचा मंगळवेढ्याचा हा अंमलदार दुष्काळात सरकारी कोठारे लोकांना खुली करतो, त्याला धरून बिदरला नेले जाते, आणि तो पोहोचण्याआधी विठू महाराच्या रूपात पांडुरंग दरबारात जाऊन धान्याची रक्कम भरतो व पावती घेतो. महिपतींच्या ‘भक्तविजय’मुळे ही कथा घरोघर पोहोचली. तिच्यात चमत्कार आहे म्हणून तिच्यातला विचार सोडून देणे योग्य नव्हे. कथा खजिन्याचा हक्क नाकारत नाही. रक्कम भरली जाते, पावती होते. पण भुकेचा हक्क त्याच्या आधीचा आहे असे ती ठामपणे सांगते, आणि दोन्ही हक्क एकत्र नांदावेत याची जबाबदारी देवावर टाकते. तो देवही कोणत्या रूपात यावा? गावचा सारा ठाण्यावर पोहोचवण्याचे काम ज्याच्याकडे होते, त्या महाराच्या. ज्या रस्त्याने गावाची संपत्ती राजधानीकडे जाते त्याच रस्त्याने, त्याच माणसाच्या पायांनी, गावाची बाजूही दरबारात पोहोचते.

असाच एक हक्क आजही बजावला जातो. बिदरजवळ अष्टूरला अहमदशहा वली बहमनीचा उरूस चांद्र हिंदू पंचांगाप्रमाणे भरतो, आणि त्याचा मान कलबुर्गी जिल्ह्यातल्या मड्याळच्या लिंगायत जंगमांकडे आहे. अनेक भाविक त्या सुलतानाला अल्लमप्रभूंचे रूप मानतात. हुमनाबादजवळच्या माणिकनगरात माणिकप्रभूंनी (१८१७ ते १८६५) सकलमत संप्रदायाची पताका उभारली तीही याच मातीत. हिंदू-मुसलमान ऐक्याचे उदाहरण म्हणून या गोष्टी नेहमी सांगितल्या जातात. त्यांचा राजकीय अर्थ मात्र क्वचित सांगितला जातो. सुलतानाच्या कबरीवरचा पहिला मान एका खेड्यातून आलेल्या जंगमाचा असणे म्हणजे राजधानीत खेड्याचे वतन असणे होय.

आधुनिक राज्यव्यवस्थेने हे धागे तोडले. १९४८ च्या सप्टेंबरात निजामी राजवट संपली ती आवश्यक आणि न्याय्यच होती. पण १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुन्या बिदर जिल्ह्याचे तीन भाग झाले: बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात, उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात, जहीराबाद, नारायणखेड आंध्रात. भाषा हा राज्याचा पाया मानणे लोकशाहीला धरूनच होते. मात्र भालकी-औरादच्या मराठी भाषकाची पेठ, सोयरीक आणि शाळा उदगीरला असताना त्याचे जिल्हा कार्यालय बिदरला आणि सचिवालय शेकडो किलोमीटरवरच्या बंगळूरला गेले. सीमावादावरचा महाजन आयोग, त्याचा १९६७ चा अहवाल आणि महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा यांत गावे कोणाची हा प्रश्न आहे. त्या गावच्या माणसाला कोणत्या सभेत बोलता येते, हा प्रश्न त्यांत नाही. दुसऱ्या बाजूने, वैजनाथ पाटील यांच्यासारख्यांच्या दीर्घ लढ्यानंतर २०१२ च्या अठ्ठ्याण्णवाव्या घटनादुरुस्तीने कलम ३७१ जे आले, स्वतंत्र विकास मंडळ, निधीचा न्याय्य वाटा आणि शिक्षण-नोकऱ्यांत स्थानिकांना राखीव जागा मिळाल्या, आणि २०१९ मध्ये या भागाला कल्याण कर्नाटक हे नाव मिळाले. ही नागरिकांनी मिळवलेली गोष्ट आहे आणि तिचे मोल मोठे आहे. तरी तिने वाटा दिला, सभा दिली नाही. सभेची तरतूद १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीत आहे: जिल्हा नियोजन समितीत किमान चार पंचमांश सदस्य नगरपालिका आणि जिल्हा पंचायतीच्या निवडून आलेल्या सदस्यांतून, शहरी आणि ग्रामीण लोकसंख्येच्या प्रमाणात, निवडायचे असतात. विज्ञानेश्वराच्या पूगाला संविधानात सर्वांत जवळची जागा हीच आहे, आणि तिला औपचारिकतेपलीकडे जाऊ न देणे ही आजच्या राज्यकर्त्यांची सर्वांत मोठी कर्तव्यच्युती आहे.

त्या समितीलाही जिल्ह्याची हद्द ओलांडता येत नाही, आणि या प्रदेशाचा आजचा सर्वांत निकडीचा ठराव तर हद्दीपलीकडचाच आहे. बालाघाटात उगम पावणारी मांजरा लातूरची तहान भागवते, बिदर जिल्ह्यातून वाहते आणि सिंगूरच्या धरणातून हैदराबादला पाणी देते. १९५६ पूर्वीचा बिदर जिल्हा म्हणजे बव्हंशी तिचेच मधले खोरे होते. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा त्या नदीच्या तीन राज्यांतल्या नागरिकांना एकत्र बसवणारी एकही जागा अस्तित्वात नव्हती. गोदावरी लवादाच्या १९८० च्या निवाड्यात पक्षकार राज्ये आहेत, शहरे आणि गावे नाहीत. जिल्ह्याचे तीन भाग करणाऱ्या राज्य पुनर्रचना कायद्यानेच विभागीय परिषदा निर्माण केल्या. पण महाराष्ट्र पश्चिम परिषदेत आहे, कर्नाटक आणि तेलंगण दक्षिण परिषदेत. दोन परिषदांची संयुक्त बैठक घेण्याची सोय त्या कायद्यात आहे. ती मांजरेसाठी वापरता येईल, आणि तिच्यापुढे मांडायचा मसुदा आधी लातूर, बिदर आणि हैदराबादच्या नगरसेवकांनी निलंगा, भालकी, औराद आणि नारायणखेडच्या गावकऱ्यांसह तयार करावा, यात घटनेला बाध आणणारे काहीच नाही: कमी पावसाच्या वर्षी कोणत्या बंधाऱ्यात किती पाणी राखायचे, पिण्याच्या पाण्यानंतर पहिला हक्क गुरांचा की उसाचा, मोजमाप कोण तपासणार, आणि ठराव मोडणाऱ्या शहराने खोऱ्यातल्या गावांना काय भरून द्यायचे.